लिक्विड एका ब्रँडचं, पावडर दुसऱ्याची: चालतं का?

ताई, नमस्कार.

मी एका सलूनमध्ये नेल टेक्निशियन आहे. कोर्स झाल्यावर सुरुवातीला एकाच कंपनीचं सगळं सामान वापरायचे. पण सलूनमध्ये काही ना काही कायम संपलेलं असतं. मग अ‍ॅक्रिलिक नखांचं लिक्विड एका ब्रँडचं, पावडर दुसऱ्याची, जेल पॉलिशचा बेस तिसऱ्याचा, टॉप कोट हाताला लागेल तो, असं सुरू झालं. जेल कडक करायचा लॅम्प मात्र एकच, सगळ्या जेलना तोच. आमच्या सीनियर ताई म्हणतात, "सगळीकडे असंच चालतं. मिसळू नका असं कंपन्या आपला माल खपवायला सांगतात." नखं दिसायला छान होतात, क्लायंटही खूश असतात. पण हल्ली काही जणींचं दहा-बारा दिवसांतच क्युटिकलच्या (नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या) बाजूनं लिफ्टिंग व्हायला लागलंय, म्हणजे माल नखापासून सुटतोय. एका क्लायंटच्या नखांभोवती लाली आणि खाज आली होती, ती पुन्हा आलीच नाही. ब्रँड मिसळणं खरंच चुकीचं आहे का, की माझाच हात कच्चा आहे?

ता. क. माझ्याही बोटांची टोकं हल्ली कोरडी पडून तडकतात, रात्री खाजतात. सारखं अ‍ॅसिटोन हाताळते म्हणून असेल.

एक वाचक

—

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ता. क. मध्ये टाकली आहेस, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. ब्रँडचं नंतर बघू.

अ‍ॅसिटोननं त्वचा कोरडी पडते, हे खरं. पण बोटांची टोकं तडकणं आणि रात्री खाज येणं, ही नखांच्या कामात अ‍ॅक्रिलेटच्या अ‍ॅलर्जीचीही नेहमीची सुरुवात असते. आपण वापरतो ते लिक्विड, जेल, बेस, टॉप, प्रायमर (माल धरावा म्हणून नखावर आधी लावायचं द्रव) ही सगळी अ‍ॅक्रिलेट आणि मेथाक्रिलेट या एकाच मोठ्या कुटुंबातली. पूर्ण कडक झाल्यावर ती फारशी त्रास देत नाहीत. त्रास होतो तो ओल्या किंवा अर्धवट कडक झालेल्या मालाचा त्वचेला पुन्हा पुन्हा स्पर्श होत राहिला की. ही अ‍ॅलर्जी पहिल्याच दिवशी उठत नाही. महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि मग एक दिवस शरीर त्या रसायनाला ओळखायला लागतं. त्यानंतर स्पर्श झाला की एक-दोन दिवसांनी खाज, लाली, बारीक फोड, भेगा. म्हणूनच ती अमुक एका कामामुळे आली हे आपल्या लक्षात येत नाही. पापण्यांवर किंवा मानेवरही कधी अशी लाली येत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, कारण कामाचा हात नकळत तिथे जातो.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि "मी नखांचं काम करते, अ‍ॅक्रिलेटची पॅच टेस्ट करायची का?" असं स्पष्ट विचार. नुसतं "हात कोरडे पडतात" म्हणालीस तर मलम मिळेल आणि तू पुन्हा त्याच टेबलावर बसशील. पॅच टेस्टमध्ये पाठीवर लावलेल्या पट्ट्या साधारण ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा तपासतात. जाताना वापरातल्या सगळ्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो घेऊन जा. अ‍ॅलर्जी निघालीच, तर ती सहसा आयुष्यभर राहते. दातांच्या फिलिंगमध्ये आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्येही याच कुटुंबातली रसायनं असतात, त्यामुळे पुढे दातांच्या डॉक्टरांनाही ते सांगावं लागेल. तुला घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. आत्ता दाखवलंस तर तुझं काम वाचू शकतं, म्हणून सांगते आहे.

तोवर नायट्राइलचे हातमोजे घाल. पण पातळ नायट्राइलमधून ही रसायनं काही मिनिटांत आरपार जातात, हेही माहीत असू दे. ग्लोव्हला जेल लागलं की पुसून काम पुढे रेटू नकोस, लगेच बदल. ब्रशचं टोक बोटांनी सरळ करायची सवय असेल तर ती आजच सोड. टॉवेलवर सांडलेल्या जेलवर मनगट टेकत नाही ना, बाटलीच्या मानेवरचा चिकट थर रोज बोटांना लागत नाही ना, हेही बघ. बऱ्याच जणींची अ‍ॅलर्जी अशाच जागांवरून आलेली असते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचा या खाजेशी थेट संबंध आहे.

सीनियर ताईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. "आमच्या बेसवर आमचाच टॉप" असं सांगण्यात कंपनीचा फायदा असतोच. कित्येक ब्रँडचा माल एकाच कारखान्यात भरला जातो आणि फक्त लेबल वेगळं लागतं, हेही खरं. पण कोणत्या दोन बाटल्या आतून सारख्या आहेत हे तुला किंवा मला बाहेरून कळत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. कंपनी जेव्हा सांगते की अमुक लिक्विड अमुक पावडरबरोबर वापरा, तेव्हा त्या जोडीची चाचणी तिनं केलेली असते. तू जुळवलेल्या जोडीची चाचणी कोणीच केलेली नाही. ती तू क्लायंटच्या नखावर करते आहेस.

माझं मत सरळ आहे: जे दोन पदार्थ नखावर एकमेकांशी रासायनिक क्रिया करून कडक होतात, ते एकाच सिस्टीमचे असावेत. जे तसे होत नाहीत ते कुठल्याही ब्रँडचे खुशाल वापर. ब्रँडवरच्या निष्ठेशी याचा काही संबंध नाही.

अ‍ॅक्रिलिकचंच बघ. साधारणपणे लिक्विडमध्ये इथाइल मेथाक्रिलेट हा मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा कण, असतो आणि क्रियेचा वेग वाढवणारा एक घटक. पावडरमध्ये आधीच तयार झालेलं पॉलिमर, म्हणजे जुळलेल्या साखळ्या, असतं आणि त्यात अगदी थोडं बेन्झॉइल पेरॉक्साइड. ब्रशवर बीड (लिक्विड-पावडरचा ओला गोळा) उचललीस की लिक्विडमधला तो वेग वाढवणारा घटक पेरॉक्साइडला फोडतो आणि तिथून मोनोमरच्या साखळ्या जुळायला लागतात. पेरॉक्साइड किती घालायचं हे कंपनी आपलं लिक्विड बघून ठरवते. लवकर सेट होणाऱ्या लिक्विडची पावडर वेगळी, सावकाश सेट होणाऱ्याची वेगळी. बिनवासाच्या लिक्विडचं तर सगळं गणितच निराळं. त्यात मोनोमर वेगळा असतो, बीड बरीच कोरडी घ्यावी लागते आणि कडक झाल्यावरही वर चिकट थर राहतो. नेहमीच्या लिक्विडची पावडर त्यात बुडवलीस तर बीड ओलसर होते, पसरते आणि नीट पक्की होत नाही.

पेरॉक्साइडचं प्रमाण जास्त झालं तर अ‍ॅक्रिलिक भराभर सेट होतं, गरम लागतं, ठिसूळ होतं, पुढे पिवळंही पडू शकतं. ते निदान दिसतं तरी. कमी पडलं तर काय होतं, ते मात्र दिसत नाही. काही मिनिटांनी आपण ब्रशच्या दांड्यानं नखावर टकटक करून बघतो आणि खणखणीत आवाज आला की फायल हातात घेतो. तो आवाज एवढंच सांगतो की आता फायल करण्याइतकं कडक झालंय. साखळ्या जुळायचं काम जुळलेल्या जोडीतसुद्धा पुढचे एक-दोन दिवस चालू असतं. न जुळणाऱ्या जोडीत ते मध्येच अडकतं आणि न जुळलेला मोनोमर आतच राहतो. त्यात तू फायल चालवलीस की तोच माल धुळीतून तुझ्या बोटांवर, मनगटावर आणि नाकात जातो. म्हणून मास्क आणि धूळ ओढणारा पंखा हवाच.

जेलमध्ये दुसरी बाटली नसते, म्हणून मिसळण्याचा प्रश्नच येत नाही असं वाटतं. पण जेलची जोडी लॅम्पशी असते, आणि तुझ्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य मला तेच वाटलं: लॅम्प एकच, सगळ्या जेलना तोच.

जेलमध्ये प्रकाश शोषून क्रिया सुरू करणारे घटक असतात. त्यांना फोटोइनिशिएटर म्हणतात. प्रत्येकाला ठरावीक लहरींचाच प्रकाश लागतो. ट्यूब असलेल्या जुन्या यूव्ही लॅम्पचा जोर ३६५ नॅनोमीटरच्या आसपास असतो, एलईडीचा बहुतेक वेळा ४०५ च्या आसपास, आणि हल्लीच्या बऱ्याच लॅम्पमध्ये दोन्ही प्रकारचे दिवे असतात. जेलच्या घटकाला हवा तो प्रकाश लॅम्पमध्ये नसेल किंवा कमी असेल, तर वेळ दुप्पट करूनही काम होईलच असं नाही. आणि लॅम्पवर छापलेल्या वॅटवर जाऊ नकोस. वॅट म्हणजे लॅम्प किती वीज खातो. नखापर्यंत किती आणि कुठला प्रकाश पोचतो हे त्यावरून कळत नाही. ३६ वॅटचे दोन लॅम्प एकच जेल अगदी वेगवेगळं क्युअर (म्हणजे प्रकाशानं कडक) करू शकतात.

त्यात भर म्हणजे रंग. काळा, गडद लाल आणि पांढरा हे रंग प्रकाश अडवतात. जाड कोट दिलास की वरचा थर कडक होतो आणि खालचा ओलाच राहतो, वरून खपली धरलेल्या जखमेसारखा. क्लायंट नखं वाजवून बघते, तिला कडकच लागतात. पण तिच्या नखाला चिकटलेला थर अर्धकच्चा असतो आणि तो दोन-तीन आठवडे तसाच तिच्या त्वचेलगत राहतो. तुझ्या त्या क्लायंटची लाली आणि खाज कशानं आली हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण मी तुझ्या जागी असते तर आधी लॅम्पवर संशय घेतला असता.

उलटही होतं. लॅम्प जेलच्या मानानं जास्तच तीव्र असेल तर क्रिया एकदम होते आणि क्लायंट "भाजतंय" म्हणून हात बाहेर ओढते. "सहन करा, लगेच थांबेल" असं अनेक ठिकाणी सांगतात. ते चूक आहे. त्या उष्णतेनं नखाखालच्या त्वचेला इजा होते आणि नख खालच्या त्वचेपासून सुटूही शकतं. हात बाहेर काढू दे, कोट पातळ दे, लॅम्पला कमी तीव्रतेची सोय असेल तर ती वापर. तरीही दर वेळी भाजत असेल, तर ते जेल त्या लॅम्पचं नाही.

एक सोपी तपासणी आहे. फॉर्मवर (नखाखाली लावायच्या कागदी साच्यावर) किंवा टिपवर (प्लास्टिकच्या नखावर), तू नखावर देतेस तेवढ्याच जाडीचा कोट दे. तुझ्या लॅम्पमध्ये नेहमीच्या वेळेत क्युअर कर. मग तो थर अलगद सोलून उलटा कर आणि खालची बाजू बघ. ती ओलसर असेल, टूथपिकनं ओरखडा ओढल्यावर माल सरकत असेल, रंग कागदाला लागत असेल, तर ते जेल या लॅम्पमध्ये पक्कं होत नाही आणि ते क्लायंटला लावायचं नाही. खालची बाजू कोरडी निघाली म्हणून मात्र सगळं ठीक आहे असंही समजू नकोस. अर्धवट क्युअर झालेलं जेलही हाताला कोरडं लागू शकतं. ही चाचणी नापास करायला उपयोगी आहे, पास करायला नाही. पास करायचं तर कंपनीनं त्या जेलसाठी सांगितलेला लॅम्प किंवा सांगितलेला प्रकाश आणि वेळ, एवढाच आधार आहे. लॅम्पच्या आतली बाजू रोज पुसतेस ना? दिव्यावर उडालेला जेलचा ठिपका तिथला प्रकाश अडवतो. ट्यूबवाला लॅम्प असेल तर ट्यूब जळत असल्या तरी त्यांची ताकद आधीच उतरलेली असते, म्हणून त्या वेळच्या वेळी बदलाव्या लागतात. आणि अंगठे वेगळे क्युअर कर. चार बोटांबरोबर ठेवलेला अंगठा आडवा होतो आणि त्याला एकाच बाजूनं प्रकाश मिळतो.

आणखी एक. युरोपियन युनियननं १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ या फोटोइनिशिएटरवर सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. त्यामुळे अनेक कंपन्यांनी आपली जेलं नव्यानं बनवली. नाव तेच, बाटली तीच, आतला घटक मात्र बदललेला, असं होऊ शकतं. तेव्हा नवी बाटली आली की क्युअरची वेळ पुन्हा वाच, जुनी पाठ झालेली वेळ लावू नकोस. तसंच "हेमा फ्री" लिहिलेलं बघून निर्धास्त होऊ नकोस. हेमा हा अ‍ॅलर्जी करणारा मोठा घटक आहे हे खरं आणि युरोपात २०२१ पासून तो असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची असतात. पण त्याच्या जागी घातलेली इतर मेथाक्रिलेटही अ‍ॅलर्जी देऊ शकतात, आणि हेमाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही जणींना त्यांचाही त्रास होतो.

बेस एका ब्रँडचा, रंग दुसऱ्याचा, टॉप तिसऱ्याचा, याबद्दल मी थोडी सैल आहे, कारण रंगांसाठी दोन-तीन ब्रँड लागतातच हे मला माहीत आहे. तरी बेस आणि टॉप एकाच ब्रँडचे आणि त्यांना जुळणाऱ्या लॅम्पमध्येच क्युअर होणारे ठेव. मधला रंग दुसऱ्या ब्रँडचा घ्यायचाच असेल तर त्याची क्युअरची पद्धत आणि प्रकाश तोच आहे का ते बघून, अगदी पातळ कोटात. यात धोका शून्य नाही, कमी आहे, एवढंच. लवचिक रबर बेसवर कडक बिल्डरचा (नखाला जाडी देणाऱ्या जेलचा) किंवा ठिसूळ टॉपचा थर मात्र देऊ नकोस. नख वाकतं तेव्हा बेस त्याच्याबरोबर वाकतो आणि वरचा थर वाकत नाही, मग बारीक चिरा पडतात. शिवाय प्रत्येक जेल क्युअर होताना थोडं आक्रसतं, आणि दोन थर वेगवेगळे आक्रसले की कडेनं ताण येऊन सुटायला लागतात. काढतानाही पंचाईत. एक थर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, दुसरा हार्ड जेलचा असेल तर विरघळतच नाही, आणि मग घाईत खरवडून क्लायंटच्या नखाचा वरचा थरही निघतो.

पॉलीजेल (पिठासारखं घट्ट जेल) बसवताना स्लिप सोल्यूशन (ते ब्रशला चिकटू नये म्हणून वापरायचं द्रव) संपलं म्हणून अ‍ॅक्रिलिकच्या लिक्विडमध्ये ब्रश बुडवतात, तेही करू नकोस. जेलमध्ये त्या लिक्विडला पक्कं करणारी पावडर नसते, म्हणून त्यातलं काही तसंच कच्चं राहतं. प्रायमरचंही तसंच: अ‍ॅसिडचा प्रायमर त्या सिस्टीमनं सांगितला असेल तरच, तोही नखापुरता आणि थेंबभर. त्वचेला लागला तर भाजतं.

बाकी फायल, बफर, टिप्स, फॉर्म, क्युटिकल ऑइल, काढायचं अ‍ॅसिटोन, वर लावायचं साधं नेल पॉलिश, खडे, स्टिकर, यात ब्रँडचा काही प्रश्न नाही. जे मिळेल ते चांगल्या दर्जाचं घे.

दुसऱ्या सलूनमधून आलेल्या क्लायंटचं तू लिहिलं नाहीस, पण तुझ्याकडे त्या येतच असणार. आधीचा माल कुठला हे तिलाही माहीत नसतं. त्यावर आपला माल चढवून रिफिल करणं (नख वाढलेल्या जागेत माल भरणं) म्हणजे डोळे मिटून मिसळणंच. काढून नव्यानं कर आणि त्याला वेळ लागेल हे तिला आधीच सांग. अ‍ॅक्रिलिक फायलला दाद देत नसेल, अ‍ॅसिटोनमध्ये बराच वेळ ठेवूनही विरघळत नसेल, फायल करताना उग्र वास येत असेल, तर त्यात मिथाइल मेथाक्रिलेट असल्याची शंका घे. ते इतकं कडक असतं की बोट कुठे अडकलं तर नखाला चिकटलेलं अ‍ॅक्रिलिक तुटत नाही, खालचं नखच उखडतं. अमेरिकेत १९७० च्या दशकातच अशा उत्पादनांवर कारवाई झाली होती. ते ओढून काढायचं नाही, फायलनं हळूहळू पातळ करत न्यायचं.

आता तुझा हात कच्चा आहे का? हे मी सांगण्यापेक्षा सुटलेला तुकडाच सांगेल. पुढच्या वेळी लिफ्टिंग घेऊन कोणी आली की तो तुकडा फेकायच्या आधी उजेडात धर. त्याच्या खालच्या बाजूला क्युटिकलची पांढुरकी साल चिकटलेली असेल, किंवा खालचं नख गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल, तर प्रेप, म्हणजे नखाची आधीची तयारी, कमी पडलं आहे. कड त्वचेवर चढलेली दिसत असेल, तर क्युटिकलपासून केसभर जागा सोडायची राहिली. यात त्वचेला रोज माल लागतो, म्हणजे अ‍ॅलर्जीचाही रस्ता तोच. रंगाचा थर बेसपासून सुटला असेल आणि बेस नखावर तसाच घट्ट असेल, तर ते दोन थर एकमेकांचे नाहीत. आणि तुकडा बोटांत दाबल्यावर रबरासारखा मऊ लागला किंवा आतून चिकट निघाला, तर क्युअर कमी पडलंय. हे बघताना ग्लोव्ह घाल. सुटलेल्या जागेखाली हिरवट डाग दिसला तर तो जिवाणूंचा आहे. माल काढायचा, वर झाकायचा नाही, आणि तिला डॉक्टरांकडे पाठवायचं.

एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी लॅम्प-जेलची जोडी नीट कर, मग बाकीचं. सगळं एकदम बदललंस तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. त्यासाठी एक वही ठेव: तारीख, क्लायंटचं नाव, बेस-रंग-टॉप किंवा लिक्विड-पावडर कुठली, बाटलीवरचा बॅच नंबर, लॅम्प, वेळ, आणि पुढच्या भेटीत काय दिसलं. सीनियर ताईंशी वाद घालून काही होणार नाही, त्यांची समजूत त्यांच्या अनुभवातून आलेली आहे आणि त्या अनुभवाचा मान ठेव. वहीत दिसेल तेच त्यांच्यासमोर ठेव. मागताना "सगळं नवीन आणा" असं मागू नकोस. अ‍ॅक्रिलिकची एक पूर्ण जोडी, जेलचा एक बेस-टॉप आणि त्याला जुळणारा लॅम्प, आणि शेवटची बाटली उघडली की लगेच पुढची मागवायची पद्धत, एवढंच माग. सामान संपतं तेव्हाच मिसळलं जातं, हे तूच पत्रात लिहिलं आहेस.

अर्धी राहिलेली बाटली दुसऱ्या ब्रँडच्या बाटलीत ओतून भरू नकोस, आणि लेबल नसलेल्या डबीतलं काहीही वापरू नकोस. जोडी नसलेला माल टाकून द्यायचा असेल तर सिंकमध्ये ओतायचा नाही. जेल पातळ पसरून लॅम्पखाली कडक कर आणि मग कचऱ्यात टाक. वाटीत उरलेलं थोडं लिक्विड टिश्यूवर शोषून, बंद पिशवीत घालून, झाकणाच्या डब्यात टाक.

शेवटचं काम ती परत न आलेली क्लायंट. तिला आजच फोन कर. माफीनाम्याचं भाषण नको, आणि "तुमची त्वचाच नाजूक असेल" हे तर मुळीच नको. नखं अजून तशीच असतील तर काढून द्यायला बोलाव, पण खाज-लाली असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांग. तोवर कुठेही नवं जेल किंवा अ‍ॅक्रिलिक लावू नका, घरी लावायचं जेल पॉलिशही नाही, हे सांग. आणि तिच्या नखांवर त्या दिवशी काय काय लावलं होतंस त्याची नावं तिला लिहून पाठव. सगळी आठवत नसतील तर आठवतील तेवढी पाठव आणि बाटल्यांच्या मागच्या घटकांच्या यादीचे फोटो जोड. पॅच टेस्टमध्ये काय काय तपासायचं हे डॉक्टरांना त्या यादीवरूनच ठरवता येतं.

तुझी ताई